गावंडेभाऊ आणि हेड ऑफिसचा नकाशा

गावंडेभाऊ कुठल्याही इमारतीत सरळ शिरत नसत. आधी तिला बाहेरून एक पूर्ण चक्कर मारायची, भिंतीवर दोन-तीन ठिकाणी तळहात ठेवून पाहायचा, मान वर करून गच्चीकडे बघायचं, आणि मगच दारातून आत. अकोल्याला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. गावंडेभाऊ अमरावतीहून भल्या सकाळी निघाले, वेळेत पोचलेही. पण मंगल कार्यालय मोठं होतं. चक्कर पुरी होईपर्यंत आत अक्षता पडून गेल्या.

मला भेटल्यावर म्हणाले, "कार्यालय चांगलं हाय. पन मांगच्या बाजूनं पान्याले जायले वाट नाई."

नवरा-नवरीबद्दल काही बोलले नाहीत.

आम्ही दोघं एकाच बँकेत, अमरावतीच्या हेड ऑफिसला. हेड ऑफिस आपलं म्हणायला. राजकमल चौकाजवळ कापडाच्या दुकानावरचे भाड्याचे मजले. सागवानी जिना, पावसाळ्यात फुगून बसणारी दारं, आणि चार वाजले की खालच्या गाडीवरून वर येणारा गिल्या वड्याचा वास. पुढे शाखा विदर्भभर पसरल्या आणि संचालकांनी ठरवलं, बडनेरा रोडला स्वतःची मोठी इमारत बांधायची. बांधकाम समितीत कर्मचाऱ्यांच्या वतीनं कोण, हा प्रश्नच नव्हता. मी समितीचं टिपण लिहायला.

नागपूरहून आर्किटेक्ट मॅडम आल्या. हुशार, तरुण, शांत. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं: समोर सगळी काच, मधे वरपर्यंत मोकळा चौक, आणि दर्शनी भागात गोल फिरणारं दार. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"ते समदं ठीक हाय, पन," गावंडेभाऊ म्हणाले.

हे त्यांचं पेटंट वाक्य. घरी भाजीलासुद्धा हेच म्हणत असं ऐकून होतो.

"पन या फिरत्या दाराचं काय? आपले मोर्शी-वरूडचे खातेदार धोतर नेसून येतात. धोतर अडकलं तं मानूस आत अन् धोतर बाहीर."

मॅडम हसल्या. दार साधं झालं. तिथून पुढे दर बैठकीला भाऊंची एक शंका ठरलेली. मे महिन्यात काचेमागे कर्जदार भाजून निघंन. मधातलं रिकामं कायले? अध्यक्षांची केबिन एवढी उंचावर काहून, त्यांले भेटाले जानारा दम लागून पडला तं? गंमत म्हणजे, शंका विचारल्यावर पुढच्या बैठकीत भाऊच तिचं उत्तर घेऊन येत.

"मॅडम, ते मधातलं रिकामं राहू द्या. गरम हवा वर चढते. वरतून तिले निंगाले झरोके ठेवा. अन् पच्छिमेच्या काचेवर आडव्या पट्ट्या लावा, उभ्या नको."

मॅडम बघत राहिल्या. "सर, तुम्ही आर्किटेक्चर शिकलात?"

"मी बीकॉम. तेबी दुसऱ्या खेपेले."

एका रविवारी बदललेला नकाशा द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. भाऊ दिवाणावर मांडी घालून बसलेले, पुढ्यात जुना नकाशा पसरलेला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर संत्री ठेवलेली. फोन स्पीकरवर होता. पलीकडून एक तरुण आवाज म्हणत होता, "बाबा, जिन्याच्या डाव्या बाजूला हवेचा शाफ्ट दाखवलाय का? नीट बघा."

"थांब, चष्मा पुसतो. तू ठेवू नोको."

गावंडेकाकूंनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. चहा टाकता टाकता हळू आवाजात म्हणाल्या, "अनिकेत हाय. पुन्याले असते. त्याले हेच शिकाचं होतं, अन् हे म्हनत, नकाशे काढून पोट भरते का, बँकेत लावून देतो. लय वाजलं दोघाईचं. तो गेला. तवापासून फोन येते तो मले. हे बाजूले बसून आयकतात, बोलत नाईत." त्या चहा गाळू लागल्या. "या बिल्डिंगीपायी पयल्यांदा यायनं सोता फोन लावला. आता रोज लावतात. मले त्यातलं काई समजत नाई. पन ते बांधकाम लवकर सुरू होऊ नये असं वाटते."

बाहेरून भाऊंचं हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी ते ऑफिसात ऐकलं नव्हतं.

पण नकाशे कधीतरी मंजूर होतातच. शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "गावंडे, तुमचं काही राहिलं?" सगळे हसून त्यांच्याकडे बघू लागले.

"नाई साहेब," भाऊ म्हणाले. "ठीक हाय."

सह्या झाल्या, पेढे वाटले गेले. थोड्या वेळानं मी बाहेर आलो तर भाऊ व्हरांड्यात उभे, एका हातात पेढा, दुसऱ्यात फोन.

"अनिकेतला सांगितलं?"

"सांगतो ना. पन मंग उद्या काय इचारू त्याले?"

नकाशाची गुंडाळी माझ्या काखेत होती. ती मी कठड्यावर उलगडली आणि फाटकाजवळच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"भाऊ, या वॉचमनच्या खोलीला खिडकी दिसत नाही."

त्यांनी चष्मा चढवला आणि वाकून पाहिलं. खिडकी होती. मागच्या भिंतीत, बारीकशा दुहेरी रेघेची. त्यांचं बोट रेघेपाशी गेलं, क्षणभर तिथं थांबलं, आणि पुढे सरकलं.

"खरंच बाप्पा," ते म्हणाले. "नाईच दिसत."

पेढा माझ्या हातात देऊन त्यांनी नंबर लावला.

"हॅलो, अनिकेत? कामात तं नाई ना? नाई, एक भानगड होऊन राहिली इथं."