तांदळावरचा रुमाल

राऊतांचा लाल रुमाल कशावर पडलेला दिसला की त्या वस्तूला ऑफिसात कोणी हात लावायचा नाही. साखरेच्या डब्यावर, प्रिंटरवर, एकदा तर चक्क माझ्या खुर्चीवर. "लॉक आहे," एवढंच म्हणायचे.

२०१६ साली डहाणू रोडला आम्ही बोर्डीच्या लॉजांसाठी बुकिंगचा प्रोग्रॅम लिहायचो. राऊत येण्याआधी तो प्रोग्रॅम एकच खोली एकाच वेळी दोन कुटुंबांना देऊन मोकळा व्हायचा. राऊतांनी ते थांबवलं. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, हाच तो लॉक. शिवाय खोलीच्या बुकिंगच्या पोटात जेवण, गाडी अशी छोटी कामं. "गाडी फसली तर गाडीपुरतंच मागे घ्या. पण खोलीच गेली तर आतलं सगळं रद्द. बाहेरचं मिटेपर्यंत आतलं 'झालं' म्हणायचं नाही."

इथवर ठीक होतं. पण हा गृहस्थ हे घरीही नेई. एकदा त्यांनी आणि वहिनींनी, दोघांनीही चव घेऊन, एकमेकांना न सांगता डाळीत मीठ टाकलं. तेव्हापासून पातेल्यावरही रुमाल. "यांच्यापेक्षा रेल्वेचं फाटक बरं," वहिनी म्हणायच्या, "ते उघडतं तरी."

त्याच वहिनी एका सकाळी तांदूळ निवडता निवडता पोटात कळ येऊन कोसळल्या. वापीला ऑपरेशन ठरलं. रक्ताचा एक रिपोर्ट चुकला, तर राऊत म्हणाले, "तेवढाच परत काढायचा." ऑपरेशन नीट पार पडलं. मी फोनवर विचारलं, "झालं ना सगळं?"

"आतलं झालं. बाहेरचं मिटू दे."

आठवड्याने ते कपडे न्यायला घरी आले, तेव्हा मी भेटायला गेलो. स्वयंपाकघरात अर्धवट निवडलेलं तांदळाचं ताट तसंच होतं, वर लाल रुमाल. मी चेष्टेने म्हटलं, "राऊत, इतके दिवस लॉक धरला की बाकीचे अडतात, हे तुम्हीच शिकवलंत."

"तिचं काम आहे. ती येऊन पुरं करेल."

आवाज पार बसला होता. मला माझीच चेष्टा बोचली.

वहिनींना वापीहून माझ्याच गाडीतून घरी आणलं. भिंतीला टेकून बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "अहो, ते ताट द्या इकडे. टोके पडले असतील त्यात."

राऊतांनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. रुमाल उचलला, घडी घालायला गेले आणि तोच डोळ्यांना लावून उभे राहिले.

"झालं," ते म्हणाले.