वरच्या मजल्याच्या किमतीची मोहीम

वडिलार्जित दुमजली घर ऐंशी लाखांचे ठरले तर धाकट्या बहिणीस चाळीस देणे, आणि चाळिसांचेच ठरले तर वीस देणे. म्हणजे एका कागदावर वीस लाखांची किफायत, ऐसा हिशेब थोरले बंधू, मालक-ए-तळमजला, यांनी मनी धरिला, तेथून या युद्धाचा आरंभ. जाहला मजकूर यथास्थित लिहिला असे. वाचणारांनी आपापल्या भावंडांशी ताडून पाहावा.

मग थोरल्यांनी मसलत केली आणि इमारतींची किंमत ठरविणारे नामांकित तज्ज्ञ भारी रकमेवर चाकरीस ठेविले. तज्ज्ञ बहादूर आले आणि दिवाणखान्यात तळ देऊन, दोन वेळा चहा मागवून, वरच्या मजल्याची खबर पुसते जाहले. थोरल्यांनी मोठ्या कष्टी मुद्रेने कथन केले की छत गळते, भिंतींस ओल, फरशी उखडली, मनुष्याच्या वस्तीस नालायक. तज्ज्ञांनी ते शब्दशः उतरविले आणि खाली शिक्का मारिला. घर चाळिसांचे जाहले. थोरल्यांनी त्याच दिवशी कबिल्यास नव्या गाडीचा रंग निवडण्याचा हुकूम दिला.

बहिणीने हा आकडा नाकबूल केला, मग अदालतीत रण माजले. बहिणीच्या वकीलबाई, बोलण्यात मधाळ आणि घाव घालण्यात निर्दय, यांनी तज्ज्ञांवर एकच तोफ डागली. "वर गेला होतात का हो?"

बहादूर डगमगले नाहीत. "गुडघे धरतात माझे. आणि मालक स्वतः सांगतायत म्हटल्यावर वर कशाला जायचं?"

थोरल्यांच्या वकिलाने कपाळास हात लाविला. न्यायाधीशसाहेबांचे फर्मान सुटले की, तज्ज्ञाचे मत ऐकण्यास अदालत बसली आहे, अशिलाचेच मत तज्ज्ञाच्या तोंडून ऐकण्यास नव्हे. सबब हा अहवाल पुराव्यात घेतला जाणार नाही. आणि अदालतीने स्वतःचा तज्ज्ञ रवाना केला. हा इसम तरणा, आणि जिना चढणारा. वर त्यास नवी फरशी, कोरे पंखे आणि थोरल्यांच्या चिरंजीवांचा भरभराटीस आलेला शिकवणीवर्ग आढळला. किंमत नव्वदांवर गेली.

मग थोरल्यांनी अदालतीच्या व्हरांड्यात बहिणीस गाठून रक्ताच्या नात्याची याद दिली.

ती म्हणाली, "दादा, घर तूच ठेव की. मला फक्त वरच्या मजल्यासकट पैसे दे."

येणेप्रमाणे घर थोरल्यांकडेच राहिले आणि फत्ते जाहली, ऐसे त्यांनीच नातलगांत पुकारिले. फत्तेचा खर्च: बहिणीस पंचेचाळीस लाख, दोन्ही तज्ज्ञांची फी, दोन्ही वकिलांची फी; अदालतीच्या हुकुमाने देणार एक, थोरले. बहिणीने दिली ती हक्क सोडल्याची एक सही, तीही थोरल्यांच्याच पेनाने.