समुद्रकाठच्या नावेची मोहीम

श्रीकुलदेवता प्रसन्न. लिहिणाराचा हात आणि वाचणाराचे डोळे शाबूत असोत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, माघ मास. ज्या साली थोरले चिरंजीव हर्षलराव यांस पुत्र जाहला आणि त्याचे बारसे महानगरीत चौथ्या मजल्यावर करण्याचे ठरले, त्या सालची ही हकीकत. राज्याचे नाव सांगण्यात हशील नाही. राज्य म्हणजे तालुक्याच्या गावी तीन खोल्या आणि पुढे पिठाची गिरणी. गादीवर हैबतराव आणि त्यांच्या डाव्या अंगास सौभाग्यवती सगुणाबाई. राजांचा स्वभाव गरीब, आवाज मात्र गिरणीमुळे थोर. राज्यात वीज संध्याकाळी येई, त्यामुळे दळण संध्याकाळी चाले आणि उभयतांस संध्याकाळ म्हणून ठाऊक नव्हती.

लग्न जाहले त्या वर्षी हैबतरावांनी सगुणाबाईंस वचन दिले होते की, तुला महानगरीस नेईन आणि दिवे लागण्याच्या वेळी समुद्राकाठी दोघेच बसू. मग पहिली स्वारी निघाली, तो सासूबाई आणि दोन नणंदा बरोबर निघाल्या आणि बाकावर नणंदा मधोमध बसल्या. दुसरी स्वारी दिरांच्या शस्त्रक्रियेची, ती दवाखान्याच्या पायरीवरच सरली. याप्रमाणे चौतीस वर्षे गेली. सगुणाबाईंनी वचनाची आठवण देणे सोडले, कारण आठवण देण्याचाही शीण येतो.

बारसे यथासांग पार पडले आणि दुसरे दिवशी हर्षलराव आईस स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "आई, आज संध्याकाळी तुम्ही दोघं नावेतून फिरायला जायचं. खास जोडप्यांसाठी असते. दोघांचं टेबल, मध्ये दिवा, जेवण, सनईवाला. मी तुमचं नाव नोंदवलंय. फक्त दोघं हं. बाबांना बजावून ठेव, कुणाला विचारायचं नाही."

सगुणाबाईंनी बजावले. हैबतराव म्हणाले, "मी कशाला विचारतोय?" आणि दाढी केली आणि इस्त्रीचा सदरा घातला. सगुणाबाई जांभळे लुगडे नेसल्या, केसांत अबोली माळली आणि पुष्कळ वर्षांनी आरशासमोर दोन वेळा उभ्या राहिल्या.

परंतु बाहेरच्या खोलीत व्याही गोपीनाथराव वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि शेजारी विहीण मंदाकिनीबाई वाती वळीत होत्या. उभयतां बारशाकरिता आली ती सहा दिवस त्या खोलीतच होती. हैबतराव वहाणा घालू लागले, तो व्याही म्हणाले, "काय, स्वारी कुठं?"

आता येथे सांगणे प्राप्त आहे की, घरचे माणूस बसलेले असता आपण न विचारता निघून जावे, हे त्या राज्यात सात पिढ्यांत घडले नव्हते. विचारणाराने 'चला की' म्हणावे आणि ऐकणाराने 'छे, तुम्ही या जाऊन' म्हणावे, ऐसा उभय पक्षांचा न लिहिलेला तह. त्या तहाच्या भरवशावर हैबतराव गरजले, "जरा समुद्रावर! चला की तुम्हीपण!"

गोपीनाथराव सहा दिवसांचे कोंडलेले. त्यांनी चष्मा काढिला आणि म्हणाले, "एवढा आग्रह करताय तर मोडवत नाही. अगं, ऊठ, साडी बदल." आणि मंदाकिनीबाई उठल्या आणि तह मोडला.

सगुणाबाईंनी भिंतीकडे पाहिले. हर्षलराव खालच्या स्वरात म्हणाले, "बाबा!" हैबतराव म्हणाले, "अरे, मला काय माहीत ते हो म्हणतील!"

मग चौघे एका मोटारीत बसोन धक्क्यावर आले. सूर्य बुडत होता. नाव सजलेली होती, मेजांवर दिवे लागले होते आणि फळीपाशी यादी घेतलेला कारभारी उभा होता. तो म्हणाला, "दोन माणसं. टेबल एकच आहे, बाकी सगळं भरलंय." सगुणाबाईंनी ते ऐकिले आणि एक पाय फळीवर ठेविला. व्याही म्हणाले, "तुम्ही या जाऊन, आम्ही इथं बसतो." येथेच युद्ध मिटावयाचे. परंतु हैबतरावांनी सगुणाबाईंचा पदर ओढिला आणि म्हणाले, "अगं उतर. ते मुलीकडचे. त्यांना बसू दे." आणि व्याह्यांस म्हणाले, "तुम्ही बसा!"

"छे छे, तुमच्या नावावर आहे."

"नाव पुसता येतं. बसा म्हणतो ना!"

"अहो, मुलानं तुमच्यासाठी केलंय."

"जावयानं तुमच्यासाठी केलं असं समजा!"

"तुम्हाला माझ्या नातवाची शपथ."

"तो माझापण नातू आहे!"

ऐसे दोन्ही बाजूंनी आग्रहाचे निकराचे युद्ध जाहले. कोणी मागे हटेना आणि कोणी पुढेही जाईना. कारभारी दोन वेळा म्हणाला, "काका, कुणीतरी बसा." कोणी ऐकिले नाही. मग भोंगा वाजला, फळी ओढली गेली आणि नाव निघाली. काठाकडचे एक मेज रिकामे, त्यावर दिवा, दोन खुर्च्या. ते मेज सगुणाबाई दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिल्या.

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, नावेत मला मळमळतं." गोपीनाथराव म्हणाले, "इथं वारा छान आहे." हैबतराव म्हणाले, "चौघं मिळून मक्याचं कणीस खाऊ." आणि सर्वांनी पराभव गोड मानून घेतला.

तेव्हा सगुणाबाई बोलल्या. आवाज चढविला नाही. म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथं बसा. आम्ही पुढं जातो." गोपीनाथराव म्हणाले, "चला, आम्हीपण येतो की." सगुणाबाई म्हणाल्या, "नको. आम्ही दोघंच जातो."

ऐसे वाक्य त्या राज्यात कोणी उच्चारिले नव्हते. मंदाकिनीबाईंचे तोंड उतरले. सगुणाबाईंनी हैबतरावांचे मनगट धरिले आणि चालू लागल्या. हैबतराव मागे पाहत पाहत म्हणाले, "अगं, काय म्हणतील ते?"

"म्हणू देत."

"सुनेच्या आईवडिलांना असं टाकून..."

"चौतीस वर्षं लोक काय म्हणतील हेच ऐकतेय. आज माझे पाय दुखतायत. बसा."

मग दोघे कठड्यावर बसले. दिवे लागत गेले, एकामागून एक, पाण्याच्या वळणाने दूरवर. सगुणाबाईंस वाटले होते की, ऐशी वेळ आली तर पुष्कळ बोलावयाचे आहे. परंतु वेळ आली आणि बोलणे आठवेना. हैबतराव म्हणाले, "गिरणीचा पट्टा बदलायला झालाय." त्या म्हणाल्या, "हं." थोड्या वेळाने हैबतराव म्हणाले, "तुला हेच बघायचं होतं?"

"हेच."

"दिवेच आहेत की."

"दिवेच आहेत."

आणि हैबतराव दिवसभराचे थकलेले, बसल्या जागी डुलू लागले आणि झोपी गेले. सगुणाबाईंनी उठविले नाही. त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि दिवे पाहत बसल्या. मागून व्याह्यांची हाक आली. त्यांनी मान वळविली नाही. ऐसा अर्धा तास गेला.

दुसरे दिवशी व्याही आणि विहीण सकाळच्या गाडीने निघोन गेली, चहा घेतला नाही. सूनबाई केतकी सासूशी चार महिने तुटक बोलल्या. हैबतराव दोन वेळा म्हणाले, "एक फोन करून माफी माग." सगुणाबाईंनी फोन केला नाही आणि भांडणही केले नाही.

सारांश, नाव मिळाली नाही, सोयरिकीत वाकडे आले आणि पदरात अर्धा तास पडला, त्यातही एक जण झोपेत. हैबतराव पुढील साली, शके एकोणीसशे पंचेचाळीस, मार्गशीर्ष वद्य षष्ठीस, दिवस मावळता, गिरणीत दळण चालू असता हृदय बंद पडोन वारले. वय एकसष्ट. सगुणाबाई हयात आहेत.