मामाजींचा अँप्लिफायर आणि दोन लाल तारा

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की माझ्यापुढे कोणी बोलायचं नाही! भिलाईच्या प्लांटमध्ये मी बावीस वर्षं खोलीएवढाले ट्रान्सफॉर्मर सांभाळतोय. त्यामुळे सासऱ्यांच्या जुन्या, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधला पेरूएवढा ट्रान्सफॉर्मर पाहून मला हसूच आलं.

“पुढच्या रविवारी गाणं वाजवून दाखवतो!” मी बायकोला, नूतनला, छाती फुगवून सांगितलं.

नूतन हसली नाही. तिचे बाबा रामाजी, म्हणजे माझे मामाजी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. हा अँप्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला. दोन वर्षांपूर्वी तो मुका झाला, आणि त्याच सुमारास मामाजींचे हात कापायला लागले. डबा पलंगाखाली गेला. मामाजी खिडकीशी बसले, ते बसलेच. दिवसभरात चार शब्द बोलायचे, त्यातले दोन चहाबद्दल.

चरोद्याला, रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या त्यांच्या घरी मी डबा उघडला, मीटर लावला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं आतलं वेटोळं जळून तुटलेलं. व्हॉल्व्ह कसा असतो? दाब, म्हणजे व्होल्टेज, भारी, करंट किडकिडीत! स्पीकरला पाहिजे दाब कमी आणि करंट भरपूर. दोघांचं जमवून देतो तो हा ट्रान्सफॉर्मर, लग्नं जुळवणाऱ्या काकूसारखा!

तो काढून नवं वेटोळं गुंडाळायला दुर्गच्या एका वाइंडिंगवाल्याकडे नेला.

“साहब, कौन सा तार कहाँ था, निशान लगाया?”

“अरे भाई, बाईस साल से यही कर रहा हूँ!”

म्हणजे, नव्हतं लावलं.

रविवारी दुपारी जोडायला बसलो. दोन लाल तारा, दोन व्हॉल्व्ह. कोणती कुठे? एक इकडे लावली, एक तिकडे. दोन्ही लालच तर होत्या! बटन दाबलं. व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे हळूहळू केशरी झाले. सासूबाई, तुळसामामी, हात जोडून उभ्या. मी कॅसेट लावणार, तेवढ्यात...

भोंऽऽऽऽऽ!

भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं! मी आवाज कमी करायचं बटन फिरवलं. काही फरक नाही!

शेजारचे धर्मेंद्र अर्धी दाढी करून साबणासकट बाहेर पळाले. “रिलीफ ट्रेनचा भोंगा! कुठं तरी गाडी घसरली!”

झालं! क्वार्टराक्वार्टरांतून माणसं बूट घालत निघाली. कोणी हेल्मेट घेतलं, कोणी टॉर्च. समोरच्या वसुंधरावहिनींनी तर नवऱ्याचा डबासुद्धा भरला! मामींनी गॅस बंद केला, चपला घातल्या.

“जावईबापू, पळा!”

मी पार गडबडलो. आवाज स्पीकरमधून येतोय ना? मग स्पीकरची तारच उपटतो! हात घातला, तोच...

“हात काढा! ते तार उपटू नका!”

मामाजी! खिडकी सोडून ताठ उभे!

“बिना स्पीकरचा चालला त ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळते! बटन बंद करा आधी, बटन!”

केलं. एकदम शांत. मागे वळून पाहतो तर आवाजाचा माग काढत आलेली तीस माणसं दारात.

“पर तो कावून बोंबलून राहिला होता?” धर्मेंद्रनी विचारलं.

आणि मामाजी बोलायला लागले. थांबेचनात!

“स्पीकरकडून एक बारीक तार मागं पहिल्या व्हॉल्व्हकडे येते. ते म्हणते, ‘पुरे बाप्पा, जास्त झालं.’ म्हणून आवाज साफ राहते. जावईबापूनं लाल तारा उलट्या लावल्या. आता ते तार म्हणून राहिली, ‘शाब्बास! अजून! अजून!’”

“वरातीतल्या पोट्ट्यांवानी!” मामी म्हणाल्या.

तीस माणसं हसली. मी खाली मान घालून आत हात घालायला गेलो.

“थांबा! बंद केला तरी आत करंट बसून असते. पाच मिनिटं जाऊ द्या.”

पाच मिनिटं तीस माणसं माझ्याकडे पाहत होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब पाच मिनिटं! मग आतला करंट गेल्याची मामाजींनी माझ्याकडून मीटर लावून खात्री करून घेतली. शेजारी बसले. बोट हवेत थरथरत होतं, पण नेमक्या जागेवर.

“हे तिकडं. ते इकडं. सोल्डर कमी. कमी म्हटलं ना मी तुमाले!”

पुन्हा बटन. पुन्हा केशरी उजेड. मी कॅसेट लावली. दारातली तीस माणसं दोन पावलं मागे सरकली. आणि मग बासरी आली, अशी मऊ, जणू वाजवणारा पलंगावरच बसलाय. मामाजींनी डोळे मिटले. मांडीवर त्यांची बोटं कापत होती की ताल धरत होती, सांगता येईना. नूतन पदरानं डोळे पुसत होती. धर्मेंद्रच्या गालावरचा साबण वाळून गेला, तरी ते हलेनात.

आता दर रविवारी चरोद्याला जाणं आलंच. कॉलनीतले लोक बिघडलेले रेडिओ घेऊन येतात. मामाजी सांगतात, मी जोडतो, आणि मामी दोघांना रागावतात.

परवा एक गृहस्थ रेडिओ घेऊन आले. मामाजींचा डोळा लागला होता.

“द्या, मी पाहतो,” मी म्हणालो.

त्यांनी मला नीट निरखलं आणि रेडिओ दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“नाही नाही. उठू द्या त्यायले. मी बसतो.”