बुऱ्हाणपूरची सहल आणि पाण्याचा वार

साहेबरावांनी नकाशा अंथरला तो निळ्या ड्रमच्या झाकणावर. घरात दुसरी सपाट जागाच उरली नव्हती. मे महिन्यात सुजाता कॉलनीतल्या प्रत्येक घराची हीच तऱ्हा असते. माणसं ड्रम, पिंपं आणि कळशा यांच्यामधून वाट काढत राहतात, आणि पाहुणा आला की त्याला आधी बसायला जागा द्यावी की प्यायला पाणी, असा पेच पडतो.

"बुऱ्हाणपूर," नकाशावर बोट ठेवत साहेबराव म्हणाले, "मग असीरगड, मग महेश्वर, आन शेवटी मांडू. समदं आपल्या शेजारचं. अजिंठ्याचा घाट उतरला की निम्मं आलंच म्हणायचं."

"निघायचं कोणत्या वारी?" करुणाबाईंनी डाळ निवडता निवडता विचारलं.

"गुरुवारी."

"मग जमतंय. पाण्याचा वार बुधवार हाय, आठ दिवसांतनं एकदाच नळ येतो. बुधवारी पाणी भरलं की मी गाडीत बसायला मोकळी. नाय आलं तर तुम्ही बापलेक जा."

विशाखा, त्यांची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मोबाइलमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "आई, आपण ऐतिहासिक शहरं बघायला चाललोय. आणि टाइमटेबल नळाचं?"

"इतिहास कुठं पळून जातोय? नळ जातो."

साहेबरावांनी नकाशाची घडी घातली.

साहेबराव वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. आयुष्य नट-बोल्टांत गेलेलं असलं तरी माणूस थक्क होण्यात मोठा तरबेज. देवगिरीचा खंदक बघितला की ते काठावर खिळून उभे राहत. वेरूळचं कैलास लेणं त्यांनी किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही, पण प्रत्येक वेळी वरून खाली कोरत आणलेला तो डोंगर बघून ते नव्याने "आयला!" म्हणत आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा दंड धरत. अडचण एकच होती. दंड धरावा असं ज्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाटे, ते माणूस थक्क होत नसे.

लग्नानंतर त्यांनी करुणाबाईंना वेरूळला नेलं. त्या कैलास लेण्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. साहेबराव श्वास रोखून वाट बघत होते. करुणाबाई म्हणाल्या, "एवढ्या जागेची झाडलोट कोण करत असंल?" देवगिरीच्या अंधाऱ्या भुयारात, जिथं भल्याभल्यांची बोबडी वळते, तिथं त्यांनी विचारलं, "लाइट गेलीय व्हय?" बीबी का मकबरा पाहून त्यांनी एवढंच सांगितलं की पांढरं चांगलं दिसतंय, पण धुवायला पाणी लई लागत असंल. अजिंठ्याला मात्र बुद्धमूर्तीपुढे त्यांनी डोळे मिटून हात जोडले. पण ती श्रद्धा झाली, तिला थक्क होणं म्हणता येत नाही. बायकोनं एकदा, फक्त एकदा, आपल्या शेजारी उभं राहून आ वासावा, एवढीच साहेबरावांची इच्छा होती. ही सगळी सहल त्यासाठीच होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला तसं ते जरा लाजिरवाणंच होतं.

क्रांती चौकात जाऊन त्यांनी गाडी ठरवली. महेश्वरला नदीकडे तोंड असलेली खोली ठरवली. आणि मंगळवारी सकाळी लाइनमन कडुबा फाटकाशी सायकल टेकवून उभा राहिला. कॉलनीचे व्हॉल्व्ह खोलायचं काम कडुबाकडे असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. तो शिंकला तरी बायका घराबाहेर येत.

"साहेबराव, लाइन फुटली पैठण रोडला. बुधवारचं पाणी आता शुक्रवारी."

"नक्की शुक्रवारी?"

"नायतर शनवारी," कडुबाने दिलासा दिला आणि तो पुढच्या फाटकाशी गेला.

करुणाबाईंनी अर्धी भरलेली बॅग शांतपणे रिकामी करायला घेतली. त्यांना ना दुःख झालं ना राग आला, आणि तेच साहेबरावांना जास्त लागलं. शेजाऱ्यांना सांगावं, तर डावीकडचे लग्नाला चालले होते आणि उजवीकडच्यांनी "आमचं भरून झालं की बघू" असं म्हटलं. आपलं भरून झाल्यावर नळात काय उरतं हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी साहेबरावांनी मेव्हण्याला फोन लावला.

सर्जेराव दुपारपर्यंत देवगाव रंगारीहून हजर झाला. हा करुणाबाईंचा धाकटा भाऊ. शेतात बारमाही विहीर असल्यामुळे पाण्याच्या बाबतीत तो भलताच बेफिकीर होता.

"जय भीम दाजी! अक्का, तू बिनघोर जा. मी समदा मळा भिजवतो, तुझे चार ड्रम भरणार नाय व्हय?"

"मळ्याचं येगळं हाय. नीट ऐक," करुणाबाई म्हणाल्या. "नळातनं आधी हवा येती. फुसफुस करती. तवा मोटर लावायची नाय. मग गढूळ येतं, ते फरशीला. मग निवळ येतं, ते फडकं लावून प्यायचं. मग हौद. मग मोटर लावून टाकी. ध्यानात राह्यलं?"

"हवा, गढूळ, निवळ, हौद, टाकी," सर्जेरावाने घडाघडा म्हणून दाखवलं.

"आता करून दाखव."

"नळाला पाणी नसताना?"

"असं समज की आलंय."

सर्जेरावाने मन लावून समजलं. बादली लावली, नसलेलं गढूळ पाणी फरशीवर ओतलं, नसलेलं निवळ पाणी फडक्यातून गाळलं, आणि त्या भरात मोटरचं बटणही दाबलं. मोटर खडखडाट करून सुरू झाली आणि कोरडी अडकून नुसती गुणगुणत राहिली. तेवढ्यात विशाखाने चहा झाल्याची हाक मारली आणि बटण बंद करायचं राहून गेलं. चहाबरोबर सर्जेरावाने विहिरीची खोली सांगितली, मग रुंदी सांगितली, आणि तिचं पाणी कसं गोड आहे हे सांगत असताना घरात जळका वास पसरला.

जळालेल्या मोटरचं वाइंडिंग भरून आणायला बुधवारची संध्याकाळ झाली. ती जागेवर बसली तेव्हा करुणाबाईंनी निकाल जाहीर केला. "ह्याच्या हवाली घर टाकून मी जायची नाय."

"अक्का, एकडाव चुकलं!"

"समजायच्या पाण्यात मोटर जाळली. खरं पाणी आल्यावर काय करशील?"

साहेबराव दाराशी उभे होते. गाडी सकाळी येणार होती. करुणाबाई थांबल्या तर सहलीला जाऊन करायचं काय? स्वतः थक्क व्हायला त्यांना बुऱ्हाणपूरची गरज नव्हती. ते रेल्वे फाटकावरही थक्क होत. शेवटी ते म्हणाले, "मी थांबतो. तुम्ही जा."

"तुमचीच तर सहल," करुणाबाई म्हणाल्या.

"तू बघ. बघून मला सांग."

सर्जेरावाने घसा साफ केला. "मग दाजी, गाडीत तुमची जागा मोकळीच जाणार का?"

अशा रीतीने पाणी भरायला आलेला माणूस गुरुवारी सकाळी काळा चष्मा लावून ड्रायव्हरशेजारी बसला, आणि ज्याने सहल आखली तो बनियनवर फाटकात उभा राहिला. गाडी निघता निघता साहेबरावांनी विशाखाला बाजूला घेतलं. "आईकडं ध्यान ठेव. कुठं तोंड उघडं राह्यलं तर लगेच फोटो काढ."

"कशानं उघडं राहील?"

"ते तुला कळंल."

संध्याकाळी विशाखाचा फोन आला. "पप्पा, किल्ल्यातला हमामखाना बघितला, म्हणजे शाही न्हाणीघर. वरचं छत रंगवलेलं आहे, बघतच राहावं असं. मामा तर गप्पच झाला."

"आन आई?"

"आई म्हणाली, एवढ्या उंचावरची जळमटं काढायला शिडी कुठनं आणत असतील?"

साहेबरावांनी फोन ठेवला आणि मोकळ्या ड्रमांकडे बघत भाकरी खाल्ली. आता महेश्वरचा घाट उरला होता, मांडूचे महाल उरले होते, पण त्यांची उमेद गेली होती.

शुक्रवारी ते नळासमोर पायरीवर बसून होते. ऊन भिंतीवरून उतरून अंगणाच्या मधोमध आलं तेव्हा फोन वाजला. करुणाबाई. त्या स्वतःहून फोन कधी करत नसत. केलाच तर गॅस बंद केला का, एवढं विचारण्यापुरता.

"अहो," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांना दम लागला होता.

"काय झालं? बरी हायेस ना?"

"अहो, मी जमिनीच्या पोटात जाऊन आले!"

आवाज त्यांचाच होता, पण त्यात काहीतरी असं होतं की साहेबराव उठून उभे राहिले.

"कुंडी भंडारा म्हणत्यात त्याला. वरनं नुसत्या विहिरी दिसत्यात, रांगंनं, एकामागं एक. मला वाटलं, विहिरी काय बघायच्या? तर एकीत लिफ्ट हाय. पिंजऱ्यावाणी. तिच्यात उभं राह्यलं की ती खाली जाती. वर नुसता जाळ हो, चपलेतनं चटके बसत हुते. आन खाली जाताना गार व्हायला लागलं..."

त्याच वेळी साहेबरावांच्या समोरच्या नळाने फुस्स केलं.

साहेबरावांनी नळाकडे पाहिलं. नळाने पुन्हा फुस्स केलं. गल्लीच्या टोकाकडून "पाणी आलं, पाणी आलं!" अशी हाक उठली आणि घराघरांतून बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. पाणी आलं म्हणून सांगायचा अवकाश, करुणाबाई तत्क्षणी फोन ठेवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मोटर लावली तर तिच्या आवाजात एक अक्षर ऐकू येणार नव्हतं. फोन कानाला लावून ते घरात गेले आणि आवाज जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. दोनच मिनिटं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"...खाली पाय टेकला तर पाण्यात! निवळ, आरशावाणी. दगडात कोरलेला बोगदा, आन त्यातनं पाणी चाललंय, आपलं आपण. ना मोटर, ना बटण. भिंतीतनं पाझरतंय, थेंब थेंब, आन त्याची धार होती. वर बघितलं तर आभाळाचा येवढासा तुकडा, भाकरीयेवढा. मी त्या तिथल्या माणसाला इचारलं, हे किती दिवसाआड येतं? तो हसायला लागला. म्हनला, बहनजी, चार सौ साल से आ रहा है, एक दिन रुका नहीं."

"आयला," साहेबराव हळूच म्हणाले.

"मला तर कायच बोलता येईना. चारशे वर्षं, अहो! कोण माणसं असतील ती? डोंगरातलं पाणी जमिनीखालनं असं चालवत न्यायचं त्यांना सुचलं कसं? ती गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं गेली, आन पाणी अजून चाललंय. मी तिथंच बसले. विशाखा म्हनती, आई ऊठ, लिफ्टला लोक थांबलेत. मी म्हनलं, थांबू दे. मी हात घालून बसले पाण्यात. मला रडूच आलं बघा. काहून आलं कुणास ठाऊक."

साहेबरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं कानातून आत येत होतं, आणि ते कल्पनेत तिच्या शेजारी, गार पाण्यात पाय बुडवून उभे होते. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

दार धाडकन वाजलं. "साहेबराव!" बाहेरून कडुबा ओरडला. "झोपलाव काय? मोटर लावा! प्रेशर उतरायलंय!"

फोनमधून ते करुणाबाईंच्या कानावर गेलं.

"कोण वरडतंय?"

"कडुबा."

"काहून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पाणी आलंय."

"कवा?"

साहेबरावांनी आठवून खरं ते सांगितलं. "तू लिफ्टमधनं खाली निघालीस तवा."

"आन तुम्ही काय करत हुता?"

"ऐकत हुतो."

साहेबरावांनी डोळे मिटले. पुढचे आठ दिवस ड्रमच्या तळाशी तांब्या खरवडत काढायचे होते, आणि त्याआधी आत्ता बोलणी खायची होती. पण बोलणी येईनात. त्यांना वाटलं, रेंज गेली. मग अगदी बारीक आवाज आला, वेरूळला नाही, देवगिरीला नाही, मघाशी बोगद्याबद्दल सांगतानाही त्यांनी ऐकला नव्हता असा.

"अगं बया..."

मग फोन बाजूला धरून बोलल्यासारखं ऐकू आलं. "विशाखा, इकडं ये. सर्जा, तू बी ये. तुझ्या दाजीनं माझं बोलणं ऐकायसाठी पाण्यावरच पाणी सोडलं!"

 पलीकडून सर्जेरावाचा घाबरलेला आवाज आला, "अक्का, दाजीला ताप-बिप आलाय का इचार."

"आई, तोंड मीट, फोटो निघाला," विशाखा म्हणाली.

साहेबरावांनी दार उघडलं. कडुबा कपाळाला हात लावून उभा होता. अंगणातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती. त्यांच्या देखत ती दोऱ्यासारखी बारीक होत गेली आणि थांबली.

"गेलं," कडुबा म्हणाला.

"जाऊ द्या," साहेबराव म्हणाले आणि पायरीवर ऐसपैस बसले.

फोनमध्ये करुणाबाईंनी नाक ओढलं. "अहो, हायसा का? पुढचं सांगू?"