बॉनेटमधला देव

खंडेरावाचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. हैदराबादहून आणलेली जुनी अँबॅसिडर आरटीओच्या आवारात उभी होती, एनओसीची मुदत आज संपत होती आणि घड्याळात साडेचार वाजले होते; पाचला कचेरी बंद. आज तपासणी हुकली तर परत हैदराबाद!

त्याच्या वडिलांनी, मल्हारअण्णांनी, तीस वर्षं एका शेठची असलीच गाडी हाकली, पण मागच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. एकदा तरी बापाला तिथं ऐटीत बसवायचं, एवढ्यासाठी खंडेरावानं हे धूड आणलं. अण्णा मात्र हटून बसलेले. "कागद पक्का झाल्याबिगर मी चढत नाय." आजही ते मागून रिक्षानं येत होते; माय, बानाबाई, तेवढी गाडीत बसून आली होती.

निरीक्षक विशाखा मॅडमनी बॉनेट उघडायला लावलं. "चेसी नंबर कुठाय?"

खंडेराव दाखवायला वाकला आणि त्याचं धाबंच दणाणलं. नंबराच्या पाटीवर बोटभर शेंदूर, वर भंडारा, त्यावर दोन चांदीचे डोळे.

"माय! हे काय करून ठेवलं?"

"आरं, देवघरातल्या टाकावानी पाटी दिसली," बानाबाई शांतपणे म्हणाली. "देव उघडा ठेवू व्हय? महिना झाला, रोज पूजा करती."

तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्यानं चप्पल काढून हात जोडले. त्याचं बघून टेम्पोवाल्यानं उदबत्ती लावली. आणखी एकानं स्वतःच्या गाडीसाठी आणलेला नारळ इथंच फोडला. बघता बघता रांग लागली.

"मॅडम, तुम्हीच खरवडा ना," खंडेराव काकुळतीला आला.

"मी नाही बाबा. माझी आज चतुर्थी आहे."

त्यानं पाना उचलला. बानाबाई आडवी आली. "आधी मला खरवड!"

पावणेपाच झाले. खंडेराव नुसता येरझाऱ्या घालत होता. तेव्हा कुठं अण्णा रिक्षातून उतरले आणि बॉनेटमध्ये डोकावले. "आगं, देवाला आंघोळ घालाय तर बंदी नाय ना?"

"आंघोळीला कोन नाय म्हनतंय?"

"मग टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढ रे."

"अहो, आधी त्या उदबत्त्या विझवा!" मॅडम ओरडत लांब पळाल्या.

"येळकोट येळकोट!" बानाबाईनं धार धरली. "जय मल्हार!" रांग गरजली. शेंदूर ओघळला, नंबर उघडा पडला आणि पाचला पाच कमी असताना मॅडमनी पेन्सिलनं त्याचा ठसा घेतला. खंडेरावाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पंधरा दिवसांनी नवी नंबर प्लेट लागली. खंडेरावानं मागचं दार उघडून धरलं. "बसा अण्णा, शेठवानी."

गाडी दौलताबादच्या रस्त्याला लागली. पडेगाव येईस्तोवर अण्णांचा चेहरा पांढराफटक. "थांबव, थांबव!" उतरून ते कडेला भडाभडा ओकले.

"अण्णा, काय झालं?"

"आरं येड्या, मागं बसलं की मला मळमळतं. लहानपनापासून. म्हनून तर ड्रायव्हर झालो!"

"मग आधी सांगायचं की!"

"तू एवढ्या हौसेनं आनली..." अण्णांनी तोंड पुसलं आणि हात पुढं केला. "आन चावी."

चावी देऊन खंडेराव मागं, मायच्या शेजारी बसला. अण्णांनी आरसा नीट केला, त्यातून लेकाकडं बघितलं.

"बोला शेठ, कुठं घ्यायची गाडी?"