शार्दूल साहेब

साडेदहाला परीक्षा केंद्राचं फाटक बंद होणार होतं आणि नऊ वाजून गेले तरी उर्वशीचा पत्ता नव्हता. निवृत्त देवराव गुरुजी दर मिनिटाला घड्याळ पाहत होते. पाचवीच्या शिष्यवृत्तीला गावातून यंदा दोनच मुली, खुशबू आणि उर्वशी. केंद्र आलापल्लीला आणि तिकडे जायची वाट एकच, नाल्यावरून.

उर्वशी नाल्याकडून धापा टाकत आली. "गुरुजी, नाल्यात शार्दूल बसून राह्यला."

गुरुजींचा चेहरा खुलला. त्या जनावराचं नाव घेतलं की ते येतं, अशी गावाची समजूत. म्हणून त्यांनीच मुलींना युक्ती दिली होती : नाव नको, समानार्थी शब्द घ्या.

"शाब्बास. दुसरा शब्द?"

"व्याघ्र."

"तिसरा?"

"गुरुजी, तो खराच हाय."

"कशावरून? अंदाज का पुरावा?"

"शेपटी हालवून राह्यला."

गुरुजींनी वनरक्षक लालसूला फोन लावला. लेकीच्या मागोमाग आलेली उर्वशीची आई मनकर्णा घाबरून म्हणाली, "नाव नका घेऊ, गुरुजी. पोरीले त्याच वाटेनं जायचं हाय."

गुरुजींनी नाव टाळलं आणि वरून मानही दिला. "लालसू, नाल्यावर शार्दूल आले आहेत."

"शार्दूल साहेब? नवे आले का? सोबत कोण हाय?"

"एकटेच."

"नाश्ता झाला त्याईचा?"

"तेच समजून नाई राह्यलं."

"बसवून ठेवा. आलोच मी."

फोन कटला. पुन्हा लावला, तर रेंज नव्हती.

पावणेदहाला खात्याची जीप आली. लालसूच्या अंगात इस्त्रीचा गणवेश, हातात झेंडूचा हार.

"साहेब कुठी हायेत?"

"तुले वाटेत नाई दिसले?"

"नाई. झुडपातून पिवळं काईतरी उठून गेलं. गाय असन म्हणून हॉर्न वाजवला."

खुशबूने शांतपणे विचारलं, "भाऊ, गायीले पट्टे होते का?"

लालसूने आठवून पाहिलं. मग तो हळूच जीपच्या पायरीवर बसला.

"होते," तो म्हणाला.

गुरुजींनी मुलींना जीपमध्ये बसवलं, त्यांच्या मागोमाग लालसूलाही ढकललं आणि स्वतःही चढले. केंद्रावर पोचायला दहा अठ्ठावीस झाले. शिपाई फाटक लोटत होता. सरकारी जीप आणि समोर ठेवलेला हार पाहून त्याने दोन्ही दारं उघडली आणि सलाम ठोकला. मुली धावत आत गेल्या.

गुरुजींनी श्वास सोडला. "जा आता तू, लालसू. आम्ही येऊ बसनं."

लालसूने इंजिन बंद केलं. "पेपर कधी सुटते?"

"तीनला."

"थांबतो मी."

"काऊन?"

"आज ड्युटी तुमच्याच गावाकडे हाय. परतताना तो नाला लागते, गुरुजी. पोरी सोबत असल्या तं बरं."